पात्यांनी सांगितलेली बातमी

सप्टेंबरात माझी एक आठवड्याची सुट्टी शिल्लक होती. घेतली नाही तर बुडणार होती. घरी, पुण्याला, मी सांगितलं की सुट्टी मिळाली नाही.

हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण नाहीतर पुढचं सगळं वर्णन खोटं वाटेल. माझ्या बायकोने, ज्योतीने, फोनवर साधं विचारलं होतं की या महिन्यात यायला जमतंय का. मी म्हणालो, प्रोजेक्टची डिलिव्हरी तोंडावर आली आहे, मॅनेजर सोडत नाही. वास्तविक सुट्टी संपव म्हणून तो मॅनेजरच माझ्या मागे लागला होता.

गेल्या खेपेला पुण्याला गेलो होतो तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी ज्योतीने ओट्यापाशी उभं राहून विचारलं, "साखर किती घालू?" तिचं काही चुकलं नव्हतं. पाच वर्षं मी लंडनच्या कडेला, क्रॉयडनला, ट्रामच्या रुळांवर उघडणाऱ्या एका खोलीत राहत होतो. माणसाच्या सवयी बदलतात, म्हणून तिने विचारलं. पण तो चहा पिताना मला कळलं की या घरात मी पाहुणा झालो आहे, आणि ते तिलाही कळलं आहे. डिसेंबरात कंपनीचं काँट्रॅक्ट संपत होतं. आणखी तीन वर्षं इथेच राहायचं की पुण्याच्या ऑफिसात परत जायचं, याचं उत्तर सुट्टीनंतरच्या सोमवारी द्यायचं होतं. ते ठरवायला मला घरापासून लांब जायचं होतं. हे लिहिताना विचित्र दिसतंय, पण खरं आहे.

लंडनमध्येच ईलिंगला मित्राकडे गेलो असतो तर ती बातमी तासाभरात कोथरूडला पोचली असती. क्रॉयडनच्या लायब्ररीतल्या फळ्यावर एक कागद लावलेला होता. लिंकनशायरमधल्या एका गावाची जुनी पवनचक्की गावकरी मिळून दुरुस्त करत आहेत, शेवटच्या आठवड्यासाठी हात हवे आहेत, राहण्या-जेवण्याची सोय गावातल्या घरांत, अनुभवाची गरज नाही. ते शेवटचं वाक्य वाचून मी फोन केला.

सोमवार, गावात

गावाचं नाव मुद्दाम देत नाही. का ते पुढे कळेल. माणसांची नावंही बदलली आहेत.

लिंकनशायरचा तो भाग ताटासारखा सपाट आहे. जमीन समुद्रातून आणि दलदलीतून मिळवलेली, काळीभोर, मधून सरळ रेघांसारखे कालवे. बघावं तिकडे कोबी. कोबीच्या पानांचा तो जरासा उग्र वास बसच्या खिडकीतूनही आत येत होता. टेकडी नाही, झाड क्वचित. आभाळ इतकं मोठं की मान खाली घालून चालावंसं वाटतं. अशा ठिकाणी उंच काहीही असलं तरी ते सगळ्यांचं असतं. इथे चर्चचा मनोरा आहे आणि ही पवनचक्की. विटांचा, डांबर फासलेला काळा मनोरा, वर कांद्याच्या आकाराची पांढरी टोपी, आणि टोपीच्या पुढे चार पांढरी पाती. एकेक पातं दोन मजली घराएवढं.

या कामाचा म्होरक्या ग्रॅहम, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला. त्याने मला चक्की फिरून दाखवली. अवघड काम बाहेरच्या कारागिरांनी केलं होतं. क्रेनने टोपी चढवली, वसंतात पाती बसवली. बाकी सगळं गावाने. वर्षानुवर्षं दर शनिवारी लोक जमायचे, कबुतरांची घाण काढायचे, खिडक्या बसवायचे, लाकूड घासायचे, आणि बायका केक विकायच्या. पात्यांमध्ये लाकडी झडपा असतात, आपल्या खिडकीच्या झडपांसारख्या. ज्याने एका झडपेचा खर्च उचलला त्याचं नाव झडपेच्या आतल्या बाजूला रंगवलेलं. मी ग्रॅहमला सांगितलं की आमच्याकडे देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर देणगीदाराचं नाव असतं. त्याने विचारलं, पंखा फिरताना ते वाचता येतं का? मी म्हणालो, म्हणूनच लोक पंखा बंद असताना देवळात जातात. तो हसला. त्या आठवड्यातला माझा तो पहिला विनोद, आणि मी इतका खूष झालो की पुढचं त्याचं बोलणं नीट ऐकलं नाही.

पुढे तो बराच वेळ बोलला. काम थांबवताना पाती कशी उभी करायची, कुठल्या स्थितीत ठेवायची, कुठल्या स्थितीत अजिबात ठेवायची नाहीत, आणि का. वारा होता, त्याचा उच्चार त्या भागातला होता, शब्द अर्धे गिळलेले. मला निम्मं कळलं. मी मान हलवत राहिलो आणि "येस, येस, ऑफ कोर्स" म्हणत राहिलो. इंग्लंडमध्ये आलेल्या आमच्यासारख्या माणसांना ही सवय लागते. मीटिंगमध्ये समोरचा काय म्हणाला ते कळलं नाही तरी पुन्हा विचारायचं नाही, नंतर ईमेलमध्ये येईलच असं धरून चालायचं. चक्कीची ईमेल येत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

राहायला मला जोनचं घर मिळालं. जोन ऐंशीच्या जवळ आलेली, बारीक, ताठ, हात कायम ओले. तिचा नवरा आर्थर लहानपणी याच चक्कीत पोती उचलायचा. चक्की चालू असताना तिथे काम केलेला गावातला तो शेवटचा माणूस. उन्हाळ्यापासून तो मोठ्या गावातल्या हॉस्पिटलमध्ये होता. हृदय थकलेलं, पायांत पाणी. शनिवारी चक्की खऱ्या वाऱ्यावर फिरवून पहिलं पीठ काढायचं ठरलं होतं, आणि डॉक्टरांनी हो म्हटलं तर आर्थरला गाडीतून आणायचं होतं. सगळं गाव त्या हो-नाहीवर डोळे लावून बसलं होतं.

जोन मला 'माय डक' म्हणायची. तिकडे लाडाने सगळ्यांना बदक म्हणतात, पोस्टमनलाही, पाद्र्यालाही. माझ्यासारख्या पन्नाशीच्या प्रोजेक्ट मॅनेजरला पाच वर्षांत कोणी लाडाने काही म्हटलं नव्हतं. मला ते ऐकायला आवडायचं आणि आवडतं याची लाज वाटायची.

बुधवार

दिवसाचा क्रम बसला. सकाळी टोस्ट आणि तिकडचा मनुकांचा पाव, त्यावर चीज. गोड पावावर खारट चीज म्हणजे गुळाच्या पोळीवर लोणचं, असं पहिल्या दिवशी वाटलं. तिसऱ्या दिवशी मी मागून घेतलं. मग चक्की. मला रंगाचं काम दिलेलं. एकेक पातं खाली आणायचं, त्याला रंग द्यायचा, मग पुढचं. दुपारी गावच्या हॉलमध्ये भाजलेला बटाटा आणि बीन्स. बायका वाढायच्या, पण आग्रह नाही. एकदा "आणखी?" विचारलं आणि मी सवयीने नको म्हणालो की भांडं पुढे सरकायचं. दोन दिवस मी अर्धपोटी राहिलो. नको म्हणजे नकोच, असा अर्थ घेणारे लोक.

काम करताना माणसं गप्प असायची. आपल्याकडे श्रमदान म्हटलं की घोषणा, चहा, कोणीतरी भाषण. इथे एक प्लंबर माझ्याशेजारी दिवसभर झडपांच्या बिजागऱ्यांना तेल घालत होता आणि संध्याकाळी फक्त म्हणाला, "उद्या पाऊस नाही." मला वाटलं माझ्यात काही चुकलं. नंतर कळलं, ते त्याचं मैत्रीचं बोलणं होतं.

संध्याकाळी जोन बसने हॉस्पिटलमधून परत यायची. मी तिच्या पॅसेजमधल्या फोनवरून फोनकार्ड वापरून पुण्याला बोलायचो. ऑफिसातून उशिरा सुटलो, डिलिव्हरी चांगली चालली आहे, जेवलो, वगैरे. ज्योती आमच्या मुलीच्या, नीरजाच्या क्लासबद्दल सांगायची, माझ्या आईच्या गुडघ्याबद्दल सांगायची. मी "अरे वा, छान, छान" म्हणायचो. फोन ठेवल्यावर जोन माझ्यापुढे चहा ठेवायची, आणि आम्ही दोघं टीव्ही न लावता स्वयंपाकघराच्या खिडकीतून चक्कीकडे बघत बसायचो. खिडकीतून ती पूर्ण दिसायची. मला त्या वेळी नेहमी वाटायचं की मी आता खोलीत जावं, हिला एकटं बसायचं असेल. आणि मी जायचो नाही.

गुरुवार

दुपारी बाकीचे लवकर गेले. शनिवारच्या तंबूसाठी बांबू आणायचे होते. खाली आणलेल्या शेवटच्या पात्याला मी रंग देत होतो. ग्रॅहमने विचारलं, हे संपवून पाती फुलीसारखी तिरकी करून ठेवशील का, सोमवारी दाखवलं तसं? मी म्हणालो, ऑफ कोर्स.

वरच्या टोपीतून एक लांब दोर बाहेर खाली लोंबतो. तो ओढून धरला की ब्रेक सुटतो आणि पाती वाऱ्यावर सरकतात. सोडला की ब्रेक लागतो. रंग संपवून मी एकटाच दोराशी उभा राहिलो. वारा मंद होता. ओढला. वर कुठेतरी लाकूड कण्हल्यासारखा आवाज झाला, पायांखालची जमीन थरथरल्यासारखी वाटली, आणि ते घराएवढं पातं माझ्यासमोरून आपोआप निघालं. मी घाबरलो. हातातून दोर सुटला. पाती थांबली.

खालचं पातं अगदी खालून थोडं पुढे जाऊन थांबलं होतं. फुली झाली नव्हती. पुन्हा ओढायचं धाडस होईना. मी मागे सरकून बघितलं. जरा तिरकं आहे, पण ब्रेक घट्ट आहे, साखळी लावता येते आहे, म्हणजे झालं. साखळी लावली. मनात म्हटलं, चालतंय. आणि पाच वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या हाताने काहीतरी मोठं हलवल्याच्या आनंदात मी लांबच्या वाटेने कालव्याकाठी फिरायला गेलो.

तास-दीड तासाने परत आलो तेव्हा ऊन होतं, तरी रस्त्यावरच्या घरांचे पुढचे पडदे ओढलेले दिसले. एकामागून एक, सगळ्याच घरांचे. मला वाटलं, उन्हाने सोफ्याचा रंग जाऊ नये म्हणून असेल. जोनच्या दारात शेजारणी उभ्या होत्या. एकीने माझा दंड धरला आणि म्हणाली, "सॉरी, लव्ह." आत जोन खुर्चीत बसली होती. बाहेर जायचा कोट अंगात, बटणं गळ्यापर्यंत लावलेली, पर्स मांडीवर.

मी समजलो. आपल्याकडे अशा वेळी जे करतात तेच मी केलं. तिच्यापुढे खाली बसलो, तिचे हात हातात घेतले आणि म्हणालो, आर्थर चांगले होते असं सगळे सांगतात, मला भेटायचं राहून गेलं. तिने माझ्याकडे बघून मान हलवली. मी हळूच विचारलं, हॉस्पिटलचा फोन कधी आला?

"फोन नाही," ती म्हणाली. "मी मागे शेंगा काढत होते. वाजून गेला असेल, मग त्यांनी ग्रॅहमला केला असेल. माझ्या सासऱ्यांचंही मला असंच कळलं होतं. चक्कीनेच सांगितलं."

मी खिडकीतून बघितलं. काळ्या मनोऱ्यापुढे ते खालचं पातं, खालून जरा पुढे जाऊन थांबलेलं. आणि ग्रॅहमचं सोमवारचं सगळं बोलणं एकदम माझ्या कानांत आलं, जणू ते मी तेव्हा कुठेतरी ठेवून दिलं होतं. पाती फुलीसारखी, म्हणजे चक्की विश्रांतीला. पातं खाली यायच्या जरा आधी थांबवलं, म्हणजे गावात लग्न किंवा बाळ, काहीतरी येतंय. आणि खालून जरा पुढे गेल्यावर थांबवलं, म्हणजे कोणीतरी गेलं, मग त्या माणसाच्या मानासाठी सगळ्यांनी पुढचे पडदे ओढायचे. दुसऱ्या भागात दुसरं सांगतील, पण आमच्या गावची ही रीत. कित्येक दशकं चक्कीला पातीच नव्हती. वसंतापासून गाव ते पुन्हा वाचू लागलं होतं.

"ते मी केलं," मी म्हणालो. खोलीत कोणाला कळेना. मी पुन्हा सांगितलं. कोणी मेलं नाही, मी घाबरलो, दोर सुटला, मला रीत कळली नव्हती आणि कळली असं मी दाखवलं.

तेवढ्यात ग्रॅहम धावत आला. त्याला कोणीतरी बांबूंच्या दुकानात गाठून सांत्वन केलं होतं. त्याने पॅसेजमधून वॉर्डला फोन लावला. आम्ही सगळे त्याच्या पाठीकडे बघत होतो. फोन ठेवून तो म्हणाला, आर्थर जेवतोय आणि कस्टर्ड पातळ आहे म्हणून नर्सशी भांडतोय.

मग एक शेजारीण हसली, मग दुसरी, मग दारातले सगळे. हसता हसता डोळे पुसत होते. जोन हसली नाही. तिने कोटाची बटणं वरून एकेक काढायला सुरुवात केली. बाहेर रस्त्यावरचे पडदे उघडल्याचे आवाज येत होते.

शुक्रवार

मला कोणीतरी ओरडायला हवं होतं. पुण्यात असं झालं असतं तर माझी शोभा केली असती, तीन दिवस अबोला धरला असता आणि चौथ्या दिवशी सगळं संपलं असतं. इथे कोणी रागावलं नाही. सकाळी मी चक्कीपाशी गेलो तर प्लंबर म्हणाला, "आज कोणाला मारणार?" हॉलमधली बाई बीन्स वाढताना म्हणाली, उद्या पाद्र्याची पाळी असेल तर आत्ताच सांग. दिवसभर असं. मीही हसत होतो. पण चेष्टा कुठे संपते आणि माफी कुठे सुरू होते, ते मला त्यांच्या तोंडावरून ओळखता येत नव्हतं. शिडीच्या वरच्या पायरीवर बसून मी झडपांच्या कडा रंगवल्या, खाली कोबीची शेतं, आणि मला वाटलं, तिकडेही पाहुणा, इकडेही पाहुणा.

दुपारी कळलं की डॉक्टरांनी नाही म्हटलं. आर्थरला हलवायचं नाही.

संध्याकाळी जोनने शेंगा उकडल्या, अंडी केली. मी तिची पुन्हा माफी मागितली, बहुधा पाचव्यांदा. तिने काटा खाली ठेवला.

"शेजारणी म्हणत होत्या, हॉस्पिटलला फोन कर. मी म्हटलं, थांबा जरा. का म्हटलं माहीत आहे?"

मी नाही म्हणालो.

"मला बरं वाटत होतं, डक. एवढे महिने ती बस, तो वॉर्ड, रोज काहीतरी आनंदाचं शोधून सांगायचं. कोट घालून बसले तेव्हा अंग हलकं झालं होतं. मला तो अर्धा तास आणखी हवा होता. मग तू येऊन माझे हात धरलेस."

ती म्हणाली, हे इथे कोणाला सांगता येत नाही, तू रविवारी जाशील म्हणून सांगते. मी म्हणालो, मी कधीकधी लिहितो. ती म्हणाली, तुझ्या भाषेत लिही, इथे कोण वाचणार आहे. मग ताटं उचलता उचलता म्हणाली, "तू घरी फोन करतोस ना, ते मला काही कळत नाही. पण आवाज ओळखीचा आहे. मी वॉर्डात तोच काढते."

मी तिला सगळं सांगितलं. सुट्टीचं, साखरेचं, येत्या सोमवारी द्यायच्या उत्तराचं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, मग तुझी बायको तो आवाज काढते का? मी म्हणालो, हो, बहुतेक. हे मी त्याआधी कधी मनातही म्हटलं नव्हतं.

शनिवार

सकाळी वारा नव्हता. गावभर तंबू, केक, मुलांचे चेहरे रंगवलेले, बँड, आणि चक्की ढिम्म. ग्रॅहम दर पाच मिनिटांनी ओलं बोट वर धरायचा. जोन नेहमीच्या बसची वेळ झाल्यावर कोट घालून निघाली. लोक म्हणाले, आज तरी थांब, आर्थरलाही तेच हवं असेल. ती म्हणाली, बस चुकेल. मी ग्रॅहमला ब्रश परत दिला आणि तिच्याबरोबर निघालो. आठवडाभर जे काम केलं ते फिरताना मला बघता आलं नाही, असं म्हणायला हवं, पण तसं नाही. बस गावाबाहेर पडल्यावर वारा आला. त्या सपाट प्रदेशात काहीच आड येत नाही. मैलोन् मैल मागच्या काचेतून ती पांढरी पाती फिरताना दिसत होती, आधी सावकाश, मग न थांबता. जोनने एकदा मान वळवून बघितलं आणि पुन्हा पुढे बघत बसली.

आर्थर उशांना टेकून बसला होता. मोठे कान, मोठी हाडं, अंगावर मांस नाही. मला बघून म्हणाला, "तूच का तो? आधी मला विचारायचं होतंस."

मी माफी मागितली. त्याने हाताने ती बाजूला केली. त्याला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: पडदे कोणी कोणी ओढले? जोन नावं सांगत गेली. तो ऐकत होता, मध्येच "हूं" म्हणत होता. मग त्याने कुंपणापलीकडच्या केनचं विचारलं. कुंपणाच्या झाडांवरून त्या दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं.

"केनने सगळ्यांच्या आधी ओढले," जोन म्हणाली.

आर्थर बराच वेळ खिडकीकडे बघत राहिला. मग जोनने रोजच्यासारखं सुरू केलं, बँड किती छान, केक किती, हवा किती सुरेख. आणि मध्येच थांबली. आवाज खाली आला. "आर्थर, मी दमले आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे," तो म्हणाला. समोरची कस्टर्डची वाटी त्याने तिच्याकडे सरकवली. "हे खा. मला आवडत नाही."

तिने ते खाल्लं. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन बसलो. परत येताना आम्ही दोघं बसमध्ये काही बोललो नाही, आणि मला तिला एकटं सोडायला हवं असं वाटलं नाही.

रविवार

निघण्याआधी सकाळी फोन लावला. पुण्यात दुपार झाली होती. जोन बागेत निघून गेली आणि तिने दार ओढून घेतलं.

ज्योती म्हणाली, "आज लवकर? डिलिव्हरी झाली वाटतं."

"डिलिव्हरी नव्हती. मला सुट्टी होती, ज्योती. आठवडाभर."

मग तिने विचारलं, "बरे आहात ना?"

मी कुठे होतो, का होतो, हे तिने विचारलंच नाही, आधी हे विचारलं. मला तिथेच जमिनीवर बसावंसं वाटलं आणि मी बसलो. बरा आहे म्हणालो. एका पवनचक्कीला रंग देत होतो म्हणालो. मग सगळं सांगितलं. दोर, पडदे, कोट, जिवंत माणसाच्या बायकोचं मी हात धरून केलेलं सांत्वन. तिथे ती हसली. मोठ्याने, तोंडावर हात न ठेवता. आई आतून काय झालं म्हणून विचारत होती ते मला ऐकू आलं. जोनने काय सांगितलं तेही मी तिला सांगितलं. ते सांगायला नको होतं की काय, अजून ठरत नाही.

मग ज्योती म्हणाली,

"एक सांगू? सुट्टी मिळाली नाही म्हणालात ना, तेव्हा मलाही बरं वाटलं होतं. तुम्ही येणार म्हटलं की नीरजाला खोलीतून काढायचं, आईंच्या वेळा बदलायच्या, आणि तुम्ही पाहुण्यासारखे बसून राहणार. तुम्हाला काय हवं ते आम्ही बघत राहायचं. मग रात्री रडलेही थोडी. ते वेगळं."

फोनकार्डावर किती मिनिटं उरली होती ते मी बघितलं नाही. मी म्हणालो, "उद्या ऑफिसात उत्तर द्यायचं आहे. परत येतो म्हणून सांगावं म्हणतोय."

"किती दिवसांसाठी?"

"कायमचा."

"नीरजा खोली देणार नाही."

"हॉलमध्ये झोपेन."

"हॉलमध्ये आई टीव्ही लावून बसतात. आवाज मोठा असतो."

"चालेल."

"आठ दिवस चालेल. मग?"

"मग मीही बघेन त्यांच्याबरोबर."

"त्यांच्या मालिका तुम्हाला कळायच्या नाहीत. मधूनच बघायला लागलं की कोण कोणाचं ते समजत नाही."

"तू सांग मला."

"मी नाही सांगणार," ज्योती म्हणाली. "त्यांना विचारा." आणि तिने फोन आईकडे दिला.